पुस्तकातला शब्द आणि घरातला शब्द

(पालक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडा मजकूर वाढविला आहे.)



‘आपल्या मुलांना विज्ञान जड का जाते?’ या विषयावर मी बोलावे, असे चिटणीस साहेबांनी सुचविले तेव्हा मी थोडा संकोचलो. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मी बी. ए., बी. एड्. आहे. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. विज्ञानावर बोलण्यासाठी आपल्याकडे माझ्याहून अधिक शिकलेली माणसे आहेत. तथापि पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे विज्ञान शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी राहिली आणि सहावी ते आठवीचे विज्ञान माझ्या गळ्यात आले. त्या दोन वर्षांत मी जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो. शिकविले किती हे माहीत नाही, पण शिकलो पुष्कळ.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. मानवी शरीरातील अवयवांचा तक्ता मी वर्गात टांगला होता. ‘यकृत कोठे असते?’ असे विचारले. वर्ग गप्प. मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. घटक चाचणीत त्याला २० पैकी ३ गुण होते. त्याला उभे केले. त्याने मान खाली घातली. मग मी प्रश्न बदलला. तक्त्यावर छडी ठेवली आणि म्हणालो, ‘नाव राहू दे. हे काय आहे ते सांग.’

‘कलेजी,’ तो म्हणाला. वर्ग हसला.

मी छडी पुढे सरकवली. ‘गुर्दा.’ पुढे सरकवली. ‘फेपडा.’ मग ‘दिल’, मग ‘आंतडी’, मग ‘तिल्ली’. एकही चुकला नाही. शेवटी मी यकृताखालच्या त्या लहानशा हिरव्या पिशवीवर छडी ठेवली. तो म्हणाला, ‘पित्ता. कलेजी के नीचे चिपका रहता सर. काटते वक्त फूटा तो पूरा गोश्त कडवा.’ आता वर्ग हसत नव्हता. मुले माना वळवून त्याच्याकडे पाहत होती.

त्याच्या घरी मटणाचे दुकान आहे. लहानपणापासून वडिलांच्या शेजारी उभा राहून त्याने हे सारे डोळ्यांनी पाहिले, हातांनी उचलले. पित्ताशय यकृताच्या खालच्या बाजूस असते हे मी पुस्तकातून पाठ केले होते, त्याला ते अनुभवाने ठाऊक होते. मग त्याला २० पैकी ३ गुण का? कारण प्रश्नपत्रिकेत ‘यकृत’ होते, ‘कलेजी’ नव्हती. ‘वृक्क’ होते, ‘गुर्दा’ नव्हता. ‘प्लीहा’ होती, ‘तिल्ली’ नव्हती. तो विज्ञानात नापास झाला नव्हता, शब्दांत नापास झाला होता. आणि आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहिले, ‘विज्ञानात कच्चा’.

आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. पण सार सांगून भागत नाही. हे शब्द आले कोठून, ते असे का आहेत आणि आपण त्यांच्याशी ओळख कशी करून घ्यायची, हे पाहिले पाहिजे.

प्रथम थोडा इतिहास. तो माझा विषयच आहे, म्हणून क्षमा असावी. आपला हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरले आणि त्याकरिता आदल्याच वर्षी, १९१७ साली, भाषांतराचे एक स्वतंत्र खाते स्थापन झाले. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. गणित, भौतिकशास्त्र, रसायन, वैद्यक या सर्वांचे शब्द तेथे उर्दूत घडविले गेले. हे काम मोठे होते यात शंका नाही. पण त्याची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. आपल्या भागातला जो मुलगा घरी मराठी बोलत असे, त्याला वरच्या वर्गात गेल्यावर उर्दूतले अरबी-फारसी शब्द घोकावे लागत. त्याला वस्तू माहीत असे, शब्द परका असे. आज आपल्या घरातल्या ज्या मुलाची घरची बोली दखनी आणि शाळा मराठी माध्यमाची आहे, तो उलट बाजूने त्याच ओझ्याखाली आहे. ओझे तेच, फक्त खांदा बदलला. म्हणून याबाबत कोणी कोणाला दोष देण्याचे कारण नाही.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. त्याच वर्षी राज्य सरकारने भाषा संचालनालय स्थापन केले. मराठीत राज्यकारभार करायचा आणि उच्च शिक्षण द्यायचे, तर प्रत्येक शास्त्राला मराठी शब्द हवेत, या विचाराने पुढे भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र अशा एकेका शास्त्राचे परिभाषा कोश तयार झाले. हे शब्द बहुतांशी संस्कृतवरून घडविले गेले. त्याचे कारण द्वेष नव्हते, सोय होती. संस्कृत धातूला उपसर्ग-प्रत्यय लावून एका शब्दातून दहा शब्द काढता येतात. अरबीतही तसेच होते, म्हणून उर्दूने अरबीकडे हात पसरला. इंग्रजीने ग्रीक आणि लॅटिनकडे. घरगुती शब्दांवर कोणाचेच भागले नाही. म्हणजे लंडनच्या मुलालाही शास्त्राचा शब्द मुळात परकाच असतो. ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगा. त्यांना वाटते, आपल्या एकट्यालाच हे अवघड आहे.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे वळू. जीव, भूमी आणि भौतिक अशी तीन दालने करतो.

जीवशास्त्रातला सर्वांत भीतिदायक शब्द कोणता? कोणत्याही मुलाला विचारा, तो म्हणेल ‘प्रकाशसंश्लेषण’. लिहितानाच चुकतो. आता तो मोडून पाहू. प्रकाश म्हणजे उजेड. संश्लेषण म्हणजे एकत्र जोडणे. उजेडाच्या मदतीने जोडणे, बस्स. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी उजेडाच्या ऊर्जेने जोडून साखर तयार करते आणि ऑक्सिजन बाहेर टाकते. उर्दू माध्यमातली मुले यालाच ‘जियाई तालीफ’ म्हणतात. जिया म्हणजे उजेड, तालीफ म्हणजे जोडणे. आपण ज्याला ‘उलफत’ म्हणतो, माणसाला माणसाशी जोडणारी, तीही याच धातूतून आलेली आहे. इंग्रजीत फोटोसिंथेसिस. फोटो म्हणजे उजेड, सिंथेसिस म्हणजे जोडणी. तीन भाषांनी तीन वेगळे कपडे घातले, आतला माणूस एकच.

दुसरा शब्द ‘पेशी’. हा शिकविताना एका मुलाने मला विचारले, ‘सर, पेशी तो कोर्ट में रहती ना?’ तो चुकला नव्हता. कचेरीतली पेशी म्हणजे तारखेला हजर होणे, तो शब्द फारसी. विज्ञानातली पेशी संस्कृत. उच्चार एक, कुळे दोन. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला लहान लहान खोल्या दिसल्या, म्हणून त्याने खोली या अर्थाचा ‘सेल’ शब्द वापरला. उर्दूत ‘खलिया’ म्हणतात, मधमाशांच्या पोळ्यातले घर. मुलाला पोळे दाखवा आणि सांगा, आपले शरीर असेच असंख्य घरांचे आहे. फक्त एक सावधगिरी सांगतो. हिंदी पुस्तक वाचणाऱ्या मुलाचा येथे घोटाळा होतो. हिंदीत सेलला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी, जिला मराठीत ‘स्नायू’ म्हणतात. शब्द सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा असेल असे धरून चालू नये.

अनेक पेशी मिळून होते ती ‘ऊती’. हा शब्द मुलांना अगदीच उपरा वाटतो. पण संस्कृतात त्याचे मूळ विणण्यात आहे. इंग्रजी ‘टिश्यू’ हा शब्दही फ्रेंचमधल्या विणण्याच्या शब्दावरून आला. उर्दूतले ‘बाफ्त’ आणि ‘नसीज’ हे दोन्ही शब्द विणकामाचेच. येथून जवळच सोलापूर आहे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तेथे मागावर राबले. धाग्याशी धागा मिळून चादर होते, तशी पेशीशी पेशी मिळून ऊती होते. हे एकदा ऐकलेला मूल हा शब्द विसरत नाही.

आपल्या शेळीबद्दल एक गोष्ट. २०२३ साली जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले, पण जिल्ह्याच्या जुन्या नावाची शेळी साऱ्या देशात आजही ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते. काळी, कोरड्या मुलखात तगणारी, पुष्कळदा जुळी करडे देणारी. ती दुपारी सावलीत बसून तोंड हलवीत राहते, त्याला आपण रवंथ म्हणतो आणि पुस्तकही रवंथच म्हणते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे आपल्या घरची ‘ओझडी’. गवतातला जो भाग माणसाला पचत नाही, तो तेथले सूक्ष्मजीव कुजवून पचवितात. करडू आईसारखे काळे का होते, तर ‘आनुवंशिकता’. घरातले बुजुर्ग नस्ल पारखून बकरा विकत घेतात. ते आनुवंशिकतेचाच विचार करीत असतात, फक्त त्यांनी तो शब्द ऐकलेला नसतो.

आता भूमीकडे येऊ. ‘हवामान’ या शब्दावर मी एक पूर्ण तास घेतला होता. ‘हवा’ अरबी, ‘मान’ संस्कृत. दोन घरची माणसे एका शब्दात इतकी सुखाने नांदतात की आता त्यांना वेगळे कोणी ओळखत नाही. भूगोलाच्या पुस्तकात ‘नैऋत्य मोसमी वारे’ असतात. ‘मोसम’ अरबी, ठरावीक ऋतू या अर्थाचा. अरब खलाशी या वाऱ्यांच्या भरवशावर आपल्या किनाऱ्याला येत. तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला आणि ‘मान्सून’ होऊन आपल्याकडे परत आला. ‘वजन’ अरबी, ‘जमीन’ फारसी, ‘बर्फ’ फारसी. मुलांनो, विज्ञानाच्या मराठी पुस्तकात तुमच्या घरचे शब्द नाहीत असे समजू नका. ते आहेत, तुम्ही ओळखले नाहीत इतकेच.

‘पर्जन्यछाया’ हा शब्द मात्र फसवा आहे. छाया म्हटले की मुलाला सुख आठवते. सावली चांगली, साया चांगला. पण या छायेत पाऊस पडत नाही. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर चढताना पाणी टाकून देतात आणि पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. आपला जिल्हा त्या कोरड्या बाजूला आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ‘पर्जन्यछाया’ शिकवावी लागत नाही. खडी फोडायला गेलेले ते हात अजून आपल्यात आहेत.

ती खडी कोणत्या दगडाची होती? आपण त्याला काळा दगड म्हणतो. पुस्तक म्हणते, ‘बेसाल्ट, अग्निज खडक’. अग्निज म्हणजे आगीतून जन्मलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड झाला. म्हणून आपल्याकडचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. इंग्रजीत याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून घेतलेला आहे. नळदुर्गचा, परंड्याचा किल्ला याच दगडात उभा आहे. तोच दगड झिजून आपली काळी माती झाली. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

आता जड मनाने एका शब्दाकडे येतो. भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्या सास्तूरची आणि आसपासच्या गावांची जी दशा झाली ती सर्वांना माहीत आहे. मी तेव्हा फार लहान होतो. मला आठवते ते फक्त दादीने आम्हाला अंगणात ओढत नेणे आणि तिच्या तोंडचा ‘जलजला, जलजला’ हा शब्द. हजारो माणसे गेली. नंतर अनेक वर्षे लोक वेगवेगळी कारणे सांगत. कोणी पाप म्हणे, कोणी शाप म्हणे.

मोठेपणी जेव्हा मला ही प्रकरणे शिकवावी लागली, तेव्हा एकेक शब्द माझ्यासाठी उलगडत गेला. जमिनीच्या आत जेथे खडक तुटतो व सरकतो ती ‘नाभी’. तिच्या बरोबर वर, पृष्ठभागावर असते ते ‘अपिकेंद्र’. किल्लारीची नाभी उथळ होती, म्हणून हादरा कमी खोलीवरून थेट वर आला. भूकंपात किती ऊर्जा मोकळी झाली ते सांगणारा आकडा म्हणजे ‘महत्ता’. किल्लारीची सुमारे ६.२. एखाद्या गावी प्रत्यक्ष किती हादरे बसले, किती पडझड झाली, ती ‘तीव्रता’. एका भूकंपाची महत्ता एकच असते, तीव्रता मात्र गावागणिक बदलते. आपण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ करतो. महत्तेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पटीने वाढते. म्हणजे ५ आणि ६ यांत एकाचा फरक नाही, बत्तीस पटींचा आहे.

आणि मग ‘जडत्व’. हा शब्द भौतिकशास्त्रातला. स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते. एस. टी. अचानक सुरू झाली की आपण मागे झुकतो, ते हेच. वस्तू जितकी भारी तितके तिचे जडत्व अधिक. आपली जुनी घरे कशी होती? मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचे भारी माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार. पण पाया एका बाजूला हलला आणि ते भारी माळवद जडत्वामुळे जागचे हलेना. मधल्या भिंती फाकल्या, दगड निसटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे पाहता बहुतेक माणसे घराखाली मेली. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या भागात लहान धक्के बसले होते. नेमका मोठा धक्का कधी बसणार हे तेव्हा कोणी सांगू शकले नसते, आजही सांगता येत नाही. पण कसले घर धोक्याचे, हे सांगता येते. त्यासाठी ‘जडत्व’ हा शब्द गवंड्याला आणि घरमालकाला ठाऊक हवा. पालकहो, पाच गुणांचा प्रश्न म्हणून मी हे सांगत नाही. एखादा शब्द समजण्याला कधी कधी एवढी किंमत असते.

तिसरे दालन भौतिकशास्त्राचे. येथे संकट वेगळे आहे. शब्द ओळखीचा असतो आणि अर्थ अनोळखी. ‘कार्य’ घ्या. मी फळ्यावर लिहिले, कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. मग म्हणालो, अडत बाजारातला हमाल ज्वारीचे पोते पाठीवर घेऊन तासभर एका जागी उभा राहिला, तर विज्ञानाच्या भाषेत त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य. लगेच एक मुलगी उभी राहिली. ‘सर, मग अब्बांना मजुरी का देतात?’ तिचे वडील हमाली करतात. मला क्षणभर उत्तर सुचेना. मग म्हणालो, ‘बेटी, अब्बांच्या स्नायूंच्या आत ऊर्जा खर्च होतच असते, म्हणून घाम येतो, म्हणून मजुरी. पण पोते जागचे हलले नाही, म्हणून पोत्यावर कार्य झाले नाही. बाजारातले काम आणि पुस्तकातले कार्य हे दोन शब्द आहेत. परीक्षेत पुस्तकातला वापर, बाजारात बाजारातला.’ ती बसली. पण तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता. असा प्रश्न ज्याला सुचतो, त्याला विज्ञान येत नाही असे कसे म्हणावे?

तसेच ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’. आपण ६० किलो वजन म्हणतो. विज्ञान म्हणते, ६० किलो हे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने ओढते ते, सुमारे ५८८ न्यूटन. चंद्रावर गेलात तर वजन सहाव्या हिश्श्यावर येईल, सुमारे ९८ न्यूटन, वस्तुमान मात्र ६० किलोच राहील. दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर नेला तरी एका पारड्यात एक किलोचे माप टाकल्यावर दुसऱ्यात एक किलोच साखर बसेल, कारण दोन्ही पारडी सारखीच हलकी झालेली असतील. काटा स्प्रिंगचा असेल तर तो फसवील.

‘बल’ आणि ‘दाब’ यांतला फरक मी त्याच मागच्या बाकावरच्या मुलाकडून वदवून घेतला. विचारले, ‘तुझे अब्बा सुरीला धार का लावतात?’ म्हणाला, ‘बोथट सुरी पे जोर जादा लगता.’ मी म्हणालो, ‘हाताचे बल तेच. धार पातळ झाली की ते बल कमी जागेवर पडते आणि दाब वाढतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.’ त्याने वहीत सुरीचे चित्र काढले आणि खाली सूत्र लिहिले. पुढच्या चाचणीत ते सूत्र त्याचे बरोबर होते.

नळदुर्गला पाणी महाल पाहायला आपण सारे जातो. इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेला तो बंधारा. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. मुलाला तेथे उभे करून एवढेच सांगा, वर साठलेल्या पाण्यात ‘स्थितिज ऊर्जा’, कोसळताना तिची होते ‘गतिज ऊर्जा’. सेल्फी काढून झाल्यावर दोन मिनिटे यासाठी काढली तर सहल वाया जाणार नाही.

शब्द प्रवास कसा करतात त्याची आणखी दोन उदाहरणे देतो. भारतीयांचे ‘शून्य’ अरबांनी ‘सिफ्र’ असे भाषांतरून घेतले आणि त्यातूनच पुढे युरोपात ‘झीरो’ आला. त्रिकोणमितीतली आपली ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाली. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची पद्धत नसल्याने कोणी ती ‘जैब’ वाचली. हीच आपल्या सदऱ्याची ‘जेब’. त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झाले आणि त्यावरून ‘साइन’. म्हणजे दहावीचा मुलगा जे साइन थीटा लिहितो, त्यात संस्कृत पंडित, अरब गणिती आणि युरोपी भाषांतरकार तिघे बसलेले आहेत. हे ऐकून छाती फुगवून घेऊ नये, हेही सांगतो. इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर ग्रंथ लिहिला म्हणून आपल्या मुलाला प्रकाशाच्या प्रकरणात गुण मिळत नाहीत. ते त्याला स्वतःच वाचावे लागते.

आता थोडे माझ्याविषयी. मी बी. ए. का झालो? मला इतिहासाची आवड होती असे मी सांगत असतो. ते अर्धसत्य आहे. मी स्वतः शाळेत असताना ‘गुरुत्वाकर्षण’ ऐवजी उत्तरात ‘कशिश’ लिहिले होते. तो शब्द मी दादाजींकडून ऐकला होता आणि अर्थ बरोबर होता. गुरुजींनी ते उत्तर वर्गात वाचून दाखविले. सारे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून विज्ञानाच्या तासाला हात वर केला नाही. दहावीला कसाबसा पास झालो. गुरुजी वाईट नव्हते. ते घाईत होते. मीही आज पुष्कळदा घाईत असतो, म्हणून ही गोष्ट स्वतःलाच बजावतो.

पालकहो, तुम्ही विचाराल, आम्ही काय करावे? आम्ही शिकलेलो नाही. माझे उत्तर असे की यातले बरेचसे काम न शिकलेल्या आईलाच अधिक चांगले करता येईल.

मुलाला एक दोनशेपानी वही घेऊन द्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातला, तिसऱ्यात इंग्रजी, देवनागरीत लिहिला तरी चालेल. कलेजी, यकृत, लिव्हर. जलजला, भूकंप, अर्थक्वेक. भाप, बाष्प, व्हेपर. रोज तीनच शब्द. शाळा सुमारे दोनशे दिवस भरते. वर्षाला सहाशे शब्द होतात. आठवी ते दहावी अठराशे. शालेय विज्ञानाला एवढी शिदोरी पुष्कळ झाली. पहिला रकाना आई, दादी, नानी यांच्याकडून भरून घ्यावा. त्या रकान्याच्या शिक्षिका त्याच.

दुसरे, मुलाने रात्री जेवताना आज शिकलेली एक गोष्ट घरच्या बोलीत सांगावी. सुरईतले पाणी गार का होते? सुरईच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. याला ‘बाष्पीभवन’ म्हणतात. जे अम्मीला सांगता येते ते समजले, जे सांगता येत नाही ते फक्त पाठ झाले.

तिसरे, माध्यमाच्या वादात मुलाचे वर्ष घालवू नका. मराठी, उर्दू, सेमी-इंग्रजी, ज्या माध्यमात घातले आहे तेथे वही सुरू करा. वही तिन्ही माध्यमांत चालते.

आणि शिक्षक बंधूंना एक विनंती. मुलाने घरचा शब्द वापरला तर त्यावर फुली मारण्यापूर्वी शेजारी पुस्तकातला शब्द लिहून द्या. गुण द्यायचे की नाही हे नियमाने ठरेल. पण ‘तुला कळले आहे, फक्त हा शब्द शिक’ एवढे वाक्य कोणत्याही नियमात बसते.

शेवटी त्या मागच्या बाकावरच्या मुलाविषयी. तो या वर्षी आठवीत आहे. विज्ञानात पहिला वगैरे आलेला नाही. मागच्या चाचणीत त्याला २० पैकी १२ मिळाले. त्याचे वडील मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, ‘सर, आठवी झाली की दुकानावर बसवतो. हात भारी चांगला आहे त्याचा.’ त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. घरात खाणारी तोंडे किती हे त्यांना माहीत आहे, मला नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, ‘भाईसाब, हात चांगला आहे हे खरे. शल्यचिकित्सकाला आणि जनावरांच्या डॉक्टरलाही तोच हात लागतो. दहावीपर्यंत थांबा. संध्याकाळी दुकानावर बसू द्या, पण वही बंद करू नका.’ ते काही बोलले नाहीत. आज ते या सभागृहात बसले आहेत. मी नाव घेत नाही. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नववीच्या हजेरीपटावर मी ते नाव शोधणार आहे.